त्या वर्षीची कडबोळी

कल्याण स्टेशनात सांधेवाले बरेच होते, पण नुसतं ‘सांधेवाला’ म्हटलं की लोक महिपतकडेच बोट दाखवायचे. का नाही दाखवणार? उंच, रुंद माणूस, आणि आवाज असा की इंजिनाच्या शिटीवरून ऐकू यावा. आगगाडी कल्याणला येऊन तीसेक वर्षं झाली होती तेव्हाची ही गोष्ट. कल्याणला रूळ फुटतात. एक वाट पुण्याकडं, एक नाशकाकडं. ती वाट बदलायचा लोखंडी दांडा महिपतच्या हातात असायचा.

‘‘आत लाटसाहेब बसलेला असू दे,’’ तो म्हणायचा, ‘‘मी धाडीन तिकडेच जायचा तो. पुण्याला म्हटलं तर पुण्याला.’’

शाळा म्हणाल तर मराठी तिसरी. त्याची त्याला लाज नव्हती. उलट तो तीही मान वर करूनच सांगायचा. ‘‘तिसरी शिकून मी अख्खी गाडी फिरवतो. तुमचे सातवी झालेले काय फिरवतात? पंखा!’’

आणि ह्या सगळ्यावर कळस म्हणजे भाऊ. महिपतचा धाकटा भाऊ विश्राम एडनला होता. एडन कुठं आलं, असं कुणी चुकून विचारलं की संपलं. महिपत पागोटं सारखं करायचा, खाडीच्या दिशेनं हात करायचा आणि सुरू व्हायचा.

‘‘मुंबईला आगबोटीत बसायचं. जमीन दिसेनाशी झाली तरी बसायचं. घाबरायचं नाही. मग काळे डोंगर लागतात. गवताची काडी नाही त्यांच्यावर. तिथं कोळशाची वखार आहे, आणि त्या वखारीत गोऱ्या साहेबाच्या शेजारच्या टेबलाला माझा विश्राम. विलायतेला जाणारी आगबोट त्यानं कोळसा लिहून दिल्याशिवाय हलत नाही. आम्ही भाऊ हे असे. जमिनीवर मी, पाण्यावर तो.’’

ऐकायला माणूस मिळालं नाही तर महिपत माझ्या बकरीलाही एडन सांगतो, असं शेजारची गंगुबाई म्हणायची.

पण खरी गोष्ट अशी की ह्या भावाला मोठं केलं ते महिपतच्या बायकोनं, शेवंतीनं. आई गेली तेव्हा विश्राम रांगत होता. शेवंती ह्या घरात आली तीच मुळी पोरसवदा. तिच्या कडेवर पहिल्याच दिवशी दीर बसला तो उतरलाच नाही. तिला स्वतःला मूल झालं नाही. विश्राम तिला वैनी म्हणायचा, पण ठेच लागली, ताप आला, मास्तरनं मारलं, की धावायचा तिच्याचकडं. महिपतनं त्याला गाडीचा पास काढून ठाण्याच्या इंग्रजी शाळेत घातला. गाडी सुटायच्या आधी पोराच्या पिशवीत भाकरी आणि दोन कडबोळी टाकणारी शेवंती.

कडबोळी तर कल्याणात घरोघर होतात. तांदूळ, डाळी, धणे-जिरे भाजून दळायचे, कडकडीत तेलाचं मोहन घालायचं, मळायचं, वळायचं, तळायचं. ह्यात काय वेगळं करणार? पण शेवंती वेगळं करायची. कडबोळं वळून झालं की दोन्ही टोकं एकावर एक ठेवून अंगठ्यानं दाबायची, आणि तिथं नखाची एवढीशी कोर उमटायची. तळल्यावरही ती कोर मोडत नसे. लहानपणी विश्राम आधी ती कोर शोधायचा, तिथूनच तोडायचा आणि मग खायचा. महिपत म्हणायचा, ‘‘अख्ख्या ठाणे जिल्ह्यात असं कडबोळं नाही.’’ आणि ही एक बढाई अशी होती की गंगुबाईसुद्धा तिला नाही म्हणत नसे.

विश्राम एडनला गेला त्या पहिल्याच दिवाळीत शेवंतीनं डबा भरला. स्टेशनातल्या साहेबांच्या खाणावळीतून महिपतनं बिस्किटांचा एक रिकामा पत्र्याचा डबा मिळवला होता. त्यात कडबोळी रचली, झाकणाच्या कडेला भिजवलेली कणीक थापून वारा जायची वाट बंद केली. डबा न्यायला पंढरी आला. पंढरी डोंबिवलीच्या पलीकडच्या खाडीकाठचा, आगबोटीवर खलाशी. त्याची बोट एडनला कोळसा घ्यायला थांबायची. घरी आला की परत जाताना वाट वाकडी करून कल्याणला यायचा.

पुढच्या खेपेला तो रिकामा डबा घेऊन आला आणि निरोपही घेऊन आला.

‘‘विश्राम बोलला, डबा पोचला. पण बोलला, वैनीला त्रास कशाला? तिकडं एका कच्छ्याचं दुकान हाय. शेव, गाठ्या, चकल्या, बोलाल ते मिळतं.’’

‘‘मिळतं?’’ महिपत उठून उभाच राहिला. ‘‘मिळतं म्हणे! अरे, कोणाच्या तेलात तळलं ते? काल त्या तेलात काय तळलं होतं? परवा काय? पंढरी, आमच्या घरात बाजारचं तळण कधी आलेलं नाही. माझा आजा मुंबईच्या वाटेवर दोन दिवस उपाशी चालला, पण दुकानाच्या भज्याकडं बघितलं नाही त्यानं! आणि हा काळ्या डोंगरात बसून गाठ्या खाणार?’’

‘‘अहो, हळू बोला,’’ आतून शेवंती हसत म्हणाली. ‘‘खात नाहीत भावजी गाठ्या. त्रास नको म्हणतात याचा अर्थ डबा संपला. हावरेपणा दिसू नये म्हणून दुकानाचं नाव काढलंय.’’

आणि पुढच्या दिवाळीला तिनं डबा असा दाबून भरला की झाकण बसेना.

वखारीच्या साहेबानं विश्रामला कामावर घेतानाच सांगितलं होतं, तीन वर्षं एकसारखी भर, मधे रजा नाही, मग कायम. मधेच गेलास तर जागा दुसऱ्याची. तिसरं वर्ष चैत्रात भरणार होतं. महिपतनं ही गोष्ट सगळ्या कल्याणाला ऐकवून ठेवली होती. स्टेशनात, बाजारात, तळ्याच्या काठी. ‘‘चैत्रात माझा भाऊ कायम. मग बघा.’’ काय बघा, ते तो सांगत नसे.

त्या श्रावणात शेवंतीला ताप भरला. साधाच ताप वाटला. महिपत सकाळी कामावर गेला तेव्हा ती उठून बसली होती. दुसऱ्या दिवशी ती त्याला ओळखेना, आणि तिसरा दिवस तिनं बघितला नाही.

तेराव्यानंतर गंगुबाई म्हणाली, ‘‘महिपता, पोराला कळव.’’

‘‘नाही.’’

‘‘अरे, त्याची आईच ती.’’

‘‘म्हणून तर नाही, काकी. त्याला मी ओळखतो. कळलं तर मिळेल त्या बोटीत बसेल. इथं येऊन करणार काय? व्हायचं ते झालं. वर नोकरीही घालवायची? चैत्र होऊ दे. कायम झाला की सांगतो.’’

गंगुबाई त्याच्याकडं बघत राहिली. ‘‘नोकरी त्याची जाईल म्हणून, का तू गावभर सांगून बसलायस म्हणून?’’

महिपत पागोटं उचलून स्टेशनाकडं निघाला. पण गल्लीनं त्याचं ऐकलं. कोणी एडनच्या बाजूला ब्रही काढायचा नाही, असं ठरलं. विश्रामच्या पत्राला महिपत आपल्या तिसरीच्या अक्षरात उत्तर लिहायचा, सर्व खुशाल, वैनी बरी आहे. लिहून झालं की हात धुवायचा. का, ते त्यालाही ठाऊक नव्हतं.

घर एवढंसं. ओटी, मधली खोली, चूल. पण आता त्यात आवाज घुमायचा. महिपत कामावरून यायचा, भाकरी थापायचा. ती कधी जाड, कधी फाटलेली. चुलीपुढं बसून तो स्टेशनातली हकिकत सांगायला तोंड उघडायचा आणि पुन्हा मिटायचा. इतकी वर्षं ह्या घरात त्याला ‘हळू बोला’ म्हणणारं माणूस होतं. ते माणूस गेलं आणि त्याचा आवाज आपोआपच हळू झाला. स्टेशनात तो तसाच गरजायचा, घरात मात्र भांडं खाली ठेवतानासुद्धा जपायचा.

आणि मग दिवाळी आली.

आता रीत अशी की ज्या घरात मयत झालं त्या घरात वर्षभर सणाला कढई चढत नाही. तळण करायचं नाही. शेजारीपाजारी, सोयरेधायरे आपापल्या घरचं ताट भरून आणून देतात, आणि घरच्यांनी ते खायचं. ही रीत विश्रामला ठाऊक होती. ह्याच घरात, ह्याच गल्लीत वाढलेला तो. दिवाळीचा डबा आला नाही, तर तो काय समजायचं ते समजणार. दुसरं काही समजायला जागाच नव्हती. शेवंतीनं डबा चुकवला, असं तिच्या हयातीत होणं शक्य नव्हतं.

म्हणजे डबा गेलाच पाहिजे. आणि घरात कढई तर चढवायची नाही.

महिपतनं दोन दिवस विचार केला. स्वतःच लपून तळावं, असंही मनात आलं. त्यानं कढई खाली काढली, हातात धरली आणि परत टांगून ठेवली. तिच्यासाठी पाळायची एवढीच एक गोष्ट उरली होती, तीही मोडायची?

मग तो बाजारात गेला. रतन फरसाणवाल्याच्या दुकानापुढून एकदा गेला, परत आला, पुन्हा गेला. रतननं झाऱ्या थांबवला.

‘‘काय महिपतराव, गाडी चुकली का? रुळावरून इकडं कुठं?’’

‘‘कडबोळी आहेत?’’

‘‘कोणासाठी?’’ रतनचे डोळे मोठे झाले. ‘‘तुमच्या घरासाठी? बाजारचं? अहो, तुमचा आजा...’’

‘‘साहेबाला पाहिजेत,’’ महिपत खेकसला. ‘‘स्टेशनच्या साहेबाला. मी नुसता बघायला आलोय, चांगली आहेत का.’’

रतननं एक कडबोळं पुढं केलं. महिपतनं ते उजेडात धरलं. साच्यातून काढल्यासारखं गुळगुळीत, एकासारखं एक.

‘‘साहेबाला आवडणार नाहीत,’’ तो म्हणाला आणि निघाला.

‘‘एडनच्या साहेबाला का हो?’’ मागून रतन ओरडला. दुकानातली माणसं हसली. आणखी कुठला दिवस असता तर महिपतनं वळून अर्धा तास एडन सांगितलं असतं. त्या दिवशी तो सरळ घरी आला.

नरक चतुर्दशीच्या सकाळपासून ताटं यायला लागली. रुमालाखाली झाकलेली, गप्पपणे आणलेली. बायका उंबऱ्याशी ठेवायच्या, ‘खा हो’ म्हणायच्या आणि जायच्या. गंगुबाईचं ताट सगळ्यांत मोठं. करंज्या, लाडू, शंकरपाळे, अनरसे आणि कडबोळी. सगळ्यांच्या ताटात कडबोळी होती.

महिपतनं दार लोटून घेतलं आणि सगळी ताटं एका ओळीत मांडली. मग एकेका ताटातली कडबोळी उचलून डब्यात रचायला लागला. हिच्याकडची जाडसर, तिच्याकडची बारीक, एकीची तिखटानं लाल, एकीची तिळानं भरलेली. मोडकी बाजूला काढली. डबा गळ्यापर्यंत भरला. करंज्या, लाडू त्यानं तिथंच राहू दिले. त्या दिवशी त्यानं फराळातलं काही तोंडात घातलं नाही. भाकरी आणि मीठ खाल्लं.

कणीक मळून झाकणाला लावत होता तेवढ्यात गंगुबाई ताट न्यायला आली. तिनं ताटात बघितलं, डब्यात बघितलं.

‘‘माझी कडबोळी कुठं गेली?’’

‘‘खाल्ली.’’

‘‘आणि करंजी तशीच? तुला करंजी आवडते, महिपता. कडबोळ्याला तू हात लावत नाहीस, दात दुखतो तुझा.’’ ती खाली बसली. ‘‘एडनला धाडतोयस.’’

‘‘धाडतोय.’’

‘‘आम्हा पाचसात बायकांची?’’

‘‘काकी, कडबोळं ते कडबोळं. एवढा समुद्र ओलांडून जाणार. हलणार, मोडणार. तिथं कोण बघत बसलंय कोणाच्या हातचं ते?’’

‘‘इतकी वर्षं गावाला सांगत होतास, अख्ख्या जिल्ह्यात असं कडबोळं नाही. आणि आता म्हणतोस कडबोळं ते कडबोळं?’’ गंगुबाईनं ताट उचललं. ‘‘अरे, त्या पोराला हात कळतो.’’

‘‘भूक लागलेल्या माणसाला काही कळत नाही,’’ महिपत म्हणाला. बोलताना त्याला स्वतःलाच ते पटलं, आणि पटलं म्हणून तो आणखी जोरात म्हणाला, ‘‘चैत्रापर्यंत! मग मीच सांगणार आहे!’’

पंढरी भाऊबीजेनंतर आला. तो खाडीकाठचा, त्याला कल्याणातलं काही ठाऊक नव्हतं.

‘‘वैनी दिसत नाय?’’

‘‘माहेरी गेलीय. मुरबाडला.’’ महिपतनं डबा त्याच्या हातात दिला. ‘‘जपून ने. आणि सांग त्याला, कामात हलगर्जी नको. चैत्र जवळ आलाय म्हणावं. इथं सगळं कल्याण वाट बघतंय. वैनीनं सांगितलंय...’’ तो थांबला. शेवंती काय सांगायची ते आठवायला लागला. दर वेळी ती आतून काहीतरी सांगायची आणि तो ते ओरडून पंढरीला ऐकवायचा. ‘‘वैनीनं सांगितलंय, पोटभर खा.’’

पंढरी गेला. पुढं महिनाभर महिपत रोज टपालवाल्याची वाट बघायचा. मग विश्रामचं कार्ड आलं. डबा पोचला, मी खुशाल आहे, वैनीला माझा नमस्कार. महिपतनं ते कार्ड दिव्याशी धरून पुन्हा पुन्हा वाचलं. वैनीला नमस्कार. म्हणजे जमलं! दुसऱ्या दिवशी स्टेशनात त्याचा आवाज पूर्वीसारखा झाला. गल्लीतल्या ताटांतली कडबोळी धाडून समुद्रापलीकडच्या इंग्रजी शिकलेल्या माणसाला तिसरीच्या माणसानं कसं गुंगवलं, हे कोणाला तरी सांगावं असं त्याला फार वाटलं. पण सांगणार कोणाला? ज्या एका माणसाला असलं सांगायचं असतं, त्याच माणसाबद्दलचं ते गुपित होतं.

हिवाळाभर कार्डं येत राहिली. प्रत्येकात वैनीला नमस्कार. महिपतही लिहीत राहिला, वैनी बरी आहे.

चैत्र लागला, पाडवा झाला आणि पंढरी दारात उभा राहिला. खांद्याला गाठोडं. उन्हातून आलेला, पण तोंडभर हसत.

‘‘सांधेवाले! भाऊ कायम झाला तुमचा!’’

महिपत ओटीवरून उठला तो गल्लीतच गेला. ‘‘काकी! ऐकलं का? कायम झाला! ए, ऐका रे सगळे! विश्राम कायम झाला एडनला!’’ दारं उघडली, माणसं बाहेर आली. कोणी गूळ मागितला, कोणी पाठीवर थाप मारली. महिपत छाती काढून गल्लीच्या मधोमध उभा. ‘‘म्हटलं होतं की नाही, चैत्रात? मी बोललो म्हणजे झालंच!’’

माणसं घरोघर गेली. महिपत आत आला, पंढरीला पाणी दिलं. मग पंढरीनं गाठोडं सोडलं. आत कागदात बांधलेला एक मोठा पुडा होता. तेलानं कागद पारदर्शक झाला होता.

‘‘हे विश्रामनं दिलंय. त्या कच्छ्याच्या दुकानातलं. गाठ्या आणि शेव. बोलला, कसंही कर, पण दादाच्या घरात नेऊन दे.’’

महिपतच्या कपाळाला आठी पडली. ‘‘बाजारचं? माझ्या घरात? कायम झाल्याबरोबर साहेबी चढली काय त्याला?’’

‘‘मीपण तेच बोललो. दादा फेकून देईल बोललो. तर बोलला, यंदा नाय फेकणार. यंदा द्यायला लागतं.’’

महिपतचा हात पुड्यावर होता तो तिथंच राहिला.

‘‘कधी बोलला?’’

‘‘आता निघताना. पण त्याचं दिवाळीपासूनच काहीतरी बिनसलंय, खरं सांगतो. तो डबा नेला ना मी? माझ्यासमोर उघडला. एक कडबोळं घेतलं, उलटंपालटं केलं, ठेवलं. दुसरं घेतलं. मग सगळीच काढली आणि वखारीच्या कट्ट्यावर मांडत बसला. जाड एका बाजूला, बारीक एका बाजूला, तिळाची वेगळी. मी बोललो, दुकान काढतोस काय रे? हसला नाय. एकेकाचा जोड बघत होता, आपण नाणं खोटं का खरं बघतो तसा. शेवटचं बघून झालं, मग मला विचारलं, वैनी दिसली होती काय तुला? मी बोललो, माहेरी गेलीय, मुरबाडला. तर बोलला, बरं.’’

‘‘मग? खाल्ली?’’

‘‘कुठं! मला दिली मूठभर, बाकी वखारीतल्या माणसांना वाटून टाकली. स्वतः एक तुकडा नाय. आणि दुसऱ्या दिवशी बघतो तर मिशी सफाचट! मी बोललो, काय रे, गोरा झालास काय? तर बोलला, उकडतं. आता सांगा, थंडीच्या दिवसांत कसलं उकडतं? अजून तसाच फिरतोय, सोललेल्या अंड्यागत.’’ पंढरी हसायला लागला, आणि महिपतचं तोंड बघून थांबला.

आईबाप गेले की पुरुष मिशी काढतात.

महिपत खाली बसला. म्हणजे कार्तिकापासून. कार्तिकापासून त्या उघड्या डोंगरात तो पोरगा एकटा होता, आणि त्याला सगळं ठाऊक होतं. न्हाव्यापुढं एकटाच बसला असेल. रडला असेल तर कुठं जाऊन? कोणाला सांगितलं असेल, तिथं कोण होतं? आणि वर दर कार्डात लिहीत होता, वैनीला नमस्कार. दादाला चैत्र पाहिजे होता, म्हणून त्यानं दादाला चैत्र गाठून दिला. इकडं महिपत त्याला फसवल्याच्या खुशीत होता. दोघे भाऊ अख्खा हिवाळा समोरासमोर बसून एकमेकांना सर्व खुशाल सांगत होते, आणि मधे समुद्र होता.

‘‘काय झालं?’’ पंढरी म्हणाला. ‘‘वैनी अजून माहेरीच काय?’’

गल्लीला सांगावं लागलं नव्हतं, गल्लीनं बघितलं होतं. स्टेशनात कोणीतरी दुसऱ्यानंच सांगितलं होतं. महिपतच्या तोंडून तो शब्द अजून निघालाच नव्हता.

‘‘पंढरी,’’ तो म्हणाला, ‘‘वैनी गेली. श्रावणात.’’

पंढरीनं डोक्याचा रुमाल काढून मांडीवर ठेवला. बाहेर गंगुबाईची बकरी ओरडत होती.

‘‘मला तरी सांगायचं,’’ पंढरी शेवटी म्हणाला. ‘‘मी तिथं त्याची मिशी बघून हसलो, सांधेवाले. चारचौघांत हसलो.’’

‘‘तुझं काही नाही. माझंच.’’

पंढरी उठला. त्याला मुंबईची गाडी गाठायची होती. दारात थांबून म्हणाला, ‘‘त्यानं विचारलंय, आता रजा मिळते. कधी येऊ?’’

एरवी महिपतचा निरोप म्हणजे पंढरीला निम्मा विसरावा लागायचा, एवढा लांब. आता तो उंबऱ्याकडं बघत राहिला.

‘‘श्रावणात वर्ष भरतं,’’ तो म्हणाला. ‘‘वर्षाचं करायचंय. तेव्हा ये म्हणावं. मी एकटा कसा बसू पानावर?’’

‘‘श्रावणात दर्या कसला असतो, ठाऊक हाय ना?’’

‘‘येईल. भाऊ कुणाचा...’’ महिपतनं बोलायला घेतलं आणि आवाज मधेच बसला. ‘‘येईल,’’ एवढंच म्हणाला. ‘‘आणि सांग, मिशी ठेव आता. दादानं सांगितलंय म्हणावं.’’

पंढरी गेल्यावर महिपतनं दार लोटलं नाही. पुडा मांडीवर घेतला आणि दोरा सोडला. समुद्रावरून येता येता गाठ्या मोडल्या होत्या, शेवेचा चुरा झाला होता. जुनाट तेलाचा वास घरभर पसरला. त्यानं एक गाठी उचलली, जरा थांबला आणि तोंडात टाकली.

गूळ आला का ते बघायला गंगुबाई दारात आली. चुलीपुढं बसून महिपत दुकानाचं तळण खातोय, हे बघून ती उंबऱ्यातच उभी राहिली.

‘‘काय खातोयस रे?’’

‘‘विश्रामनं धाडलंय. दुखवट्याच्या घराला.’’

गंगुबाई आत आली, त्याच्यासमोर बसली आणि पदराला डोळे पुसले.

‘‘कसं आहे?’’ तिनं विचारलं.

‘‘खवट आहे,’’ महिपत म्हणाला, आणि पुड्यात हात घालून आणखी एक मूठ घेतली.